बिनतेलाच्या लोणच्यासाठी मिरजगाव

गेला सव्वा महिना आमच्या घरात जेवणात लोणचे नाही, या घटनेची एकाही वृत्तपत्राने दखल घेतलेली नाही. ताटाची डावी बाजू ओसाड पडली आहे. मीठ आहे, लिंबू आहे. पण शेजारी कैरीची फोड तेलात पहुडलेली असायची, तिथे आता ताटाचा तळ दिसतो. बरणी तोंडाला फडक्याचा दादरा बांधून माळ्यावर गेली आहे. कारण एवढेच, की हिला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केले. "तुम्ही खा हो," असे ती म्हणते. पण ते ज्या आवाजात म्हणते, त्यानंतर फोड घशाखाली उतरत नाही. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, भूक मात्र परतली नाही. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवते. काही चटकदार असते तर खाल्ले असते, म्हणते.

जेथे धूर तेथे अग्नी, तसे जेथे लोणचे तेथे तेल, असे मी समजत होतो. ही व्याप्ती मिरजगावच्या किसनरावाने मोडली. किसन माझा नगरच्या बोर्डिंगातला सोबती. मी त्याला संस्कृतात पास केले, त्याने मला गणितात. मध्यंतरी शेतकी शिक्षणासाठी सात महिने जपानात एका शेतकऱ्याच्या घरी राहून आला. तिथे रोज बिनतेलाचे, अर्ध्या तासात होणारे लोणचे खाल्ले, असे त्याने पूर्वी कळवले होते. मी कृती मागवली. पोस्टकार्डावर उत्तर आले : "भाजी चिरावी, मीठ लावावे, दाबावे." सूत्र झाले, भाष्यासाठी जाणे भाग होते. लेख लिहायचा आहे, असे मी कळवले. हिच्या दुखण्याचे लिहिले नाही. पोस्टकार्ड वाटेत सगळेच वाचतात.

पुण्याहून नगरला जायचे तर सकाळची एस.टी. घ्यावी आणि डावीकडे बसावे, ऊन लागत नाही. सुप्याला गाडी थांबते. चहा गोड असतो, पाव रुपयात त्याहून अधिक अपेक्षा धरू नये. शेजारच्या गृहस्थांनी भज्यांचा कागद पुढे केला. कागदाच्या आरपार पलीकडचा माणूस दिसत होता, इतके तेल. मी एक घेतले. दोन घेतली. नगरला गाडी बदलून सोलापूरच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता इतका सरळ आहे, की ड्रायव्हर मागे वळून कंडक्टरशी शेतीविषयी बोलू शकतो, आणि बोलतो.

मिरजगावच्या स्टँडवर किसन धोतर-टोपीत उभा होता. जपानचा त्याच्यावर एवढाच परिणाम दिसला, की भेटताच तो कमरेत वाकला आणि मग नेहमीसारखी पाठीत थाप मारली.

दिवेलागणीला किसनच्या बायकोने, सरूवहिनींनी पाने वाढली. भाकरी, पिठले, आणि मधोमध वाडग्यात ते जपानी लोणचे. मुळा, काकडी, गाजर. वर हळदीने पिवळे झालेले तेल, त्यात मोहरी तरंगते आहे.

किसन वाडग्याकडे बघत राहिला. "सरू, हे काय केलंस?"

"फोडनी दिली," सरूवहिनी म्हणाल्या. "पुन्याचा पाहुना आला, त्याला काय बिनफोडनीचं वाढायचं? लोक काय म्हनतील."

लोणचे उत्तम झाले होते. मी तसे सांगितले, पुन्हा मागून घेतले. मुलूख ओलांडून ज्यासाठी आलो, ते चविष्ट आणि निरुपयोगी होऊन समोर आले होते.

"वैनींना का न्हाई आनलं?" सरूवहिनींनी विचारले.

इथे मला एखादे वाक्य टाकून वेळ मारून नेता आली असती. पण म्हणालो, "तिला कावीळ झाली होती. तेल चालत नाही. जेवण जात नाही. म्हणून आलोय."

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "मग आदी का न्हाई सांगितलं, भावजी? लेख कसला लिवताय?"

सकाळी त्यांनी मुळा-काकडी चिरली, आणि किसन भाष्यकार झाला. चकत्या पानासारख्या पातळ. मीठ लावून पाणी सुटेपर्यंत हाताने चोळायचे. वर ताटली, ताटलीवर दगड. अर्ध्या तासाने घट्ट पिळून लिंबू, चिमूटभर साखर, आल्याचा कीस. जपानात शिरका, म्हणजे व्हिनेगर घालतात, मिरजगावात लिंबू. सरूवहिनींना सगळे पटले, एक सोडून : "लोनचं म्हंजी वरीसभर टिकाया पायजे. सांजच्याला संपतंय, ते लोनचं कसलं?"

निघताना त्यांनी एक सपाट दगड धुऊन फडक्यात बांधून दिला. पुण्यात असा कुठं मिळायचा, म्हणाल्या. आमच्याकडे पाटा-वरवंटा आहे, हे मी बोललो नाही.

गाडीत कंडक्टरने गाठोडे चाचपले. "काय हाय?"

"दगड."

"कशाचा?"

"लोणच्याचा."

त्याने तिकीट फाडून दिले आणि पुढे गेला.

घरी आल्यावर मुळा मीच चिरला. ही दारात पाट घेऊन बसली आणि माझ्या चकत्यांना हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. दोन फोडी खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." अर्ध्या पोळीची पाऊण झाली. तेव्हापासून दगड रोज कामावर आहे.

पण सरूवहिनींचे ते वर्षभर टिकण्याचे बोलणे माझ्याबरोबर घरापर्यंत आले. मी रोज सकाळी संध्याकाळपुरतेच लोणचे करतो आहे. वर्षाच्या कैऱ्या भरायला अजून चार महिने आहेत. ते काम तिचे. परवा तिने पाटल्या काढून डब्यात ठेवल्या, हातातून निसटतात म्हणून. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. ती बरी होणार नाही, अशी मला भीती वाटते.