हुतूतूच्या मैदानावर नरसय्याचा श्वास

सागाचा एक मल्लखांब.
तालमीचा दरवाजा.
विणकरांच्या मागांवर आडवं सूत नेणारे लाकडी धोटे, किती ते त्यांनीही मोजले नाहीत.
घासलेटच्या डब्याला भोकं पाडून केलेली पाण्याची झारी.
आणि हुतूतूचा एक गडी, ज्याला दमा होता.

एवढं माझ्या आजोबांनी स्वतःच्या हातानं घडवलं. शिक्षण म्हणाल तर दुसरी. सुतारकामसुद्धा बघून बघून शिकलेले. मीही मोटार वाइंडिंग कुणाकडं न जाता शिकलो. आमच्या घरातली रीतच आहे ती.

आज त्यांची पुण्यतिथी. फोटो टाकत नाही, कारण धड एकही नाही.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढची, आपल्या सोलापूरची. साल नक्की माहीत नाही म्हणून लिहीत नाही. आजोबांनी सांगितली आणि पुढं म्हातारपणी नरसय्यांनीही. दोघांचं जिथं जुळलं तेवढंच लिहितोय.

नरसय्या म्हणजे पेठेतल्या तेलुगू विणकराचा पोरगा. पाय विजेचे. छाती मात्र भात्यासारखी वाजायची.

आता हुतूतूत श्वास तुटला की गडी बाद. एका दमात समोरच्यांच्या अंगणात जायचं, हात लावायचा, त्याच दमात परत यायचं. अशा खेळात हा.

तालमीतली पोरं चिडवायची, "नरश्या, हुतूतू म्हणतोयस का खोकतोयस रे?"

पण त्याच्यासारखी चढाई कुणाला जमत नव्हती, म्हणून सगळे त्याला जपायचे. सामन्याआधी गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात बसवायचे. हळद घातलेलं गरम दूध. "बोलू नको, दम साठव!"

जणू दम म्हणजे रांजणातलं पाणी.

आणि मैदानात उतरला की पहिल्या दोन चढायांतच छाती धरून खाली बसायचा.

आजोबा तालमीचे वस्ताद नव्हते. मल्लखांब दुरुस्त करायला यायचे आणि खेळ बघत बसायचे. एका रविवारी दोन सामने लागोपाठ झाले. पहिल्यात नरसय्या कोलमडला. दुसऱ्यात गडी कमी पडला म्हणून नाइलाजानं त्याला उभा केला, तर पठ्ठ्या शेवटपर्यंत खेळला!

सगळे म्हणाले, देवाची कृपा.

आजोबा म्हणाले, "कृपा आसंल की. पण ती दर टायमाला दुसऱ्याच सामन्यात कशी येती?"

पुढचे काही रविवार नुसतं बघितलं. मग गोधडी काढून घेतली. सामन्याआधी त्याला मैदानाकडेनं पळवायला लागले. थोडं पळ, थांब, चाल. परत थोडं पळ. छाती वाजायला लागली की बसवायचं, हळूहळू फुंकर मारत श्वास सोडायला लावायचं. एकदा वाजून शांत झाली की मगच खेळ.

आज याला वॉर्म-अप म्हणतात. तेव्हा सगळ्यांना वाटलं मिस्त्री पोराला मारणार.

नरसय्याची आई तर भर मैदानात आली. "ओ मिस्त्री! माझं पोरगं हाय, घोडं न्हाय!"

"वैनी, घोडं तरी शर्यतीआधी कोण गोधडीत बसवतंय?"

ती हसली नाही. पण थांबून सामना बघून गेली.

झारी त्याच दिवसांतली. खेळाआधी आजोबा मैदानावर पाणी शिंपडायचे, धूळ बसावी म्हणून. वैद्यांनी दम्यावर सांगितलेल्या धोतऱ्याच्या पानांच्या धुरावर त्यांनी कधी वाद घातला नाही. म्हणायचे, "औषध वैद्याचं, मैदान माझं."

आणि एक नियम. छाती आवळली की नरसय्यानं डावा हात वर करायचा, आणि हात वर गेला की गडी बाहेर. जिंकत असलो तरी.

(आता इनहेलर आहेत, डॉक्टर आहेत. ही पोस्ट वाचून कुणी पोरांना पळवू नका. आधी विचारा.)

एका वर्षी मिलच्या संघाशी सामना पडला. नरसय्यानं त्यांचे चार गडी मारले. पाचव्या चढाईला निघता निघता डावा हात वर.

कॅप्टन ओरडला, "एकच मार की रे! एकच!"

पोरगं हात खाली घेणार, तेवढ्यात आजोबा रेषा ओलांडून आत. "हात वर गेला. गडी भाईर."

सामना हरलो. एका गड्यानं. तालमीत आठवडाभर आजोबांशी कुणी बोललं नाही.

पण मिलमध्ये माणसं भरणाऱ्या जॉबरनं ते चार गडी बघितले होते. तो आजोबांच्या घरी आला. पोराला नोकरी देतो, मिलच्या संघातून खेळू दे. तुमी सांगितलं तर ऐकंल ते. तुमालाबी रिकाम्या हातानं ठेवणार न्हाय.

नरसय्याच्या घरी खाणारी तोंडं सात. आई म्हणाली, "तुमी म्हणाल तसं, मिस्त्री." सगळा भार यांच्यावर.

आजोबांनी जॉबरला विचारलं, "कुटलं खातं?"

"गाठी फोडून कापूस पिंजायचं."

आजोबा स्वतः जाऊन त्या खात्यात उभे राहिले. बाहेर आले ते मिशीवर, भुवयांवर, कानात कापूस घेऊन. धडधाकट माणूस, पण संध्याकाळपर्यंत खोकत होते.

"दुसरं खातं द्या, आत्ता पोरगं देतो."

"जागा तितंच हाय."

"मग ऱ्हाऊ द्या."

नरसय्या घरच्या मागावर राहिला. पुढं बरीच वर्षं हुतूतू खेळला. आजोबांच्या तिरडीला खांदा द्यायला आला तेव्हा सत्तरी ओलांडली होती. दमा होताच. माणूसही होता.

आजोबा, तुमच्यासारखं नुसतं बघत बसणं मला अजून जमत नाही. हात जोडतो.

जाता जाता एक दुरुस्ती. तालमीतले जुने लोक अजून ही गोष्ट सांगतात आणि जॉबरनं आजोबांना देऊ केलेला आकडा पाचशेवर नेतात. चूक आहे. पोराला महिना अठरा रुपये पगार, आणि आजोबांना मिलच्या धोट्यांचं काम अधिक रोख दीडशे.

दीडशे. त्याला ते नाही म्हणाले.