डावा बूट

खामगावच्या बाजारात जोडे शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या फुटबॉल क्लबचे बूट तोच दुरुस्त करायचा, पण सामना पाहायला कधी आला नव्हता. त्या वर्षी निम्मे सामने झाले होते, आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो आणि उरलेल्या सामन्यांची भिस्त माझ्या डाव्या पायावर होती.

माझे बूट उलटे करून त्यानं तळांवरून अंगठा फिरवला.

"उजवा पार झिजला, डावा तसाच हाये. गुडघा कवापासून दुखून राह्यला बे?"

हे मी घरीही बोललो नव्हतो.

"कोनाले सांगू नका, बाबा."

तो उजव्याला नवा तळ शिवत राहिला.

रविवारी तो मैदानावर आला. सगळं गाव चेंडूकडे पाहत होतं. तो एकटा माझ्या डाव्या बुटाकडे.