आबांचं पाचवं शील

वडगाव रासाईच्या आमच्या वस्तीत कुणाला तंबाखू मळायची असेल तर तो नदीकडं जायचा. वस्तीत मळली तर शंकररावआबांना वास लागायचाच. आबा माझे सख्खे चुलते. शिरूर डेपोत कंडक्टर होते. नोकरी संपली, आवाज राहिला. "पुढं सरका, मधी जागा हाय" या आवाजात ते विहारात वंदना घ्यायचे, आणि भिंतीला टेकून डुलक्या काढणारी म्हातारी माणसं दचकून ताठ व्हायची.

पंचशीलातलं पाचवं शील नशापाण्याचं. त्याचा अर्थ दारूपुरता धरला की पुष्कळांची सोय होते. आबांनी ती सोय ठेवली नाही. "नशा म्हंजी नशा. बाटलीतली काय आन् पुडीतली काय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी भर विहारात माझ्या खिशात हात घालून पुडी बाहेर काढली आणि सगळ्या बायकापोरांपुढं धरली. माझं लग्न नुकतंच झालं होतं, बायको समोरच बसली होती. त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तंबाखू सुटली ती कायमची. तेव्हा पुढचं सांगताना माझा आवाज जरा चढला तर समजून घ्या.

माणूस खोटा नव्हता. हे मी आजही म्हणतो, आणि म्हणताना चरफडतो. वस्तीतल्या पोरी शिरूरच्या कॉलेजात जाव्यात म्हणून त्यांनी एकेका बापाशी भांडण काढलं. बापाचं काही चालायचं नाही, कारण आबा भांडायला त्याच्याच ओट्यावर बसायचे आणि पोरीची बॅग भरून झाल्याशिवाय उठायचे नाहीत. कुणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी आबा, आणि सगळ्यात शेवटी घरी जाणारेही आबाच. अशा माणसानं सांगितलं की लोक ऐकतात. आम्ही ऐकत आलो.

त्यांचा मुलगा संघर्ष वाघोलीला राहतो, कंपनीत आहे. सून रश्मी खुटबावची. त्यांची पोरगी यशोधरा, आमची यशू, अजून शाळेत जायची होती. या पोरीपुढं आबांचा आवाज विरघळायचा. तिच्यासाठी त्यांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून स्टीलची भातुकली आणली होती. चूल, तवा, इवलाले डबे, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. ती पेटी वर्षभर माळ्यावर असायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही अशी आबांची ताकीद होती. आबांच्या बायकोनं, चांगुणाकाकूंनी, एकदा झाडलोट करताना पेटी खाली काढली तर आबा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. नातीवरची माया, असं आम्ही सगळे कौतुकानं म्हणायचो.

यंदा बुद्धपौर्णिमा सोमवारी आली. शनिवार-रविवार जोडून संघर्षला तीन दिवस मिळाले. शनिवारी ते आले. आंबे झाले, नदीवर जाणं झालं, यशूनं आबांच्या पाठीवर बसून वस्तीला दोन चकरा मारल्या. सोमवारी सकाळी विहारात वंदना, दुपारी खिरीचं जेवण आणि संध्याकाळी खुटबावला रश्मीच्या माहेरी, असा बेत होता. रश्मीची आई तिकडं पुरणाचा घाट घालून बसली होती.

सोमवारी सकाळी मी विहारासमोर पताका बांधत होतो. विहार आणि आबांचं घर यात एक भिंत आणि बोळ एवढंच अंतर. घरातून यशूची किंकाळी आली. पोर पडल्यावर जशी रडते तशी ती नव्हती. मी शिडीवरून उतरून आत गेलो. पडवीत भातुकली मांडलेली होती. आबा माझ्या आधी पोचले होते आणि गुडघ्यांवर बसून उपरण्यानं पोरीचं तोंड घाईघाईनं पुसत होते. पौर्णिमेचे पांढरे कपडे घातलेले, वर पांढरं उपरणं. यशूनं उजव्या डोळ्यावर मूठ दाबून धरली होती.

रश्मी न्हाणीतून ओल्या केसांनी धावत आली. "काय झालं? काय गेलं डोळ्यात?"

"धूळ गं," आबा म्हणाले. "वावटळ आली व्हती ना आत्ता."

वावटळ आलेली मी पाहिली नव्हती. पण वैशाखात वावटळ येते आणि जाते, त्यात बघायचं काय.

"यशू, काय गेलं बाळा? सांग मला."

पोरीनं उघड्या डोळ्यानं आबांकडं पाहिलं आणि मान हलवली. बोलली नाही. आबांनी तांब्याभर पाणी तिच्या तोंडावर मारलं. ते डोळ्यात थोडं आणि झग्यावर जास्त पडलं. काकूंनी फुंकर घातली, मग पदराचा बोळा करून वाफ दिली. पोर थांबेना. रश्मी म्हणाली, "दवाखान्यात नेऊ." त्यावर संघर्षनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. आबा उपरण्याची घडी घालत होते. "धूळच हाय म्हणतात ना आबा," संघर्ष म्हणाला, "रडली की निघून जाईल. वंदना होऊ दे, मग बघू."

तेवढ्यात विहारातून पोरं बोलवायला आली. आबा गेले.

मी त्यांच्या मागून गेलो आणि दाराशी बसलो. विहार भरला होता. मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहून झाली, आबा समोर बसले. भिंतीपलीकडून यशूचं रडणं येत होतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. आबांनी सुरुवात केली तर आवाज कंडक्टरचा नव्हता, कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटला. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं ते अडखळले. घसा साफ केला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकले. आम्हाला वाटलं, उन्हानं घसा धरला असेल. कसंबसं ते चौथं पार पडलं. पाचव्याला मात्र त्यांनी तोंडच उघडलं नाही.

आम्ही थांबलो. भिंतीपलीकडं पोर रडत होती.

आबा उभे राहिले. हात जोडलेलेच होते. "चुना हाय," ते म्हणाले. "पोरीच्या डोळ्यात चुना गेलाय. तंबाखूचा. माझा हाय."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्या वस्तीनं ऐकलं. नोकरी सुटल्यापासून ते खात होते. गावात घ्यायचे नाहीत, बाजाराच्या दिवशी तळेगावहून आणायचे. ठेवायचे भातुकलीच्या पेटीत, कारण त्या पेटीत नात सोडून कुणी बघणार नाही. पोरं यायच्या आदल्या दिवशी पेटी रिकामी करायचे. या वेळी तंबाखू काढली आणि चुन्याची एक प्लॅस्टिकची पुडी पिठाच्या इवल्या डब्यात राहिली. यशूनं ती दाबली, ती फुटून डोळ्यात उडाली. तिला वाटलं असेल लोणी.

खरं सांगतो, त्या क्षणी मला पोरीच्या डोळ्याची आठवण आधी झाली नाही. मला माझी पुडी आठवली, बायकोचा खाली गेलेला चेहरा आठवला, आणि हा माणूस तेव्हाही खात होता हे डोक्यात चढलं. मग रडणं पुन्हा ऐकू आलं आणि माझी मलाच लाज वाटली. आबा माझ्या अंगावरून बाहेर पळाले. चपला विहारापुढंच राहिल्या.

आम्ही यशूला मोरीत आडवी धरली. संघर्षनं हात धरले, मी पाय, आणि रश्मीनं पापणी उघडून मोटारीच्या पाइपाचं पाणी हळूहळू डोळ्यात सोडलं. पोर ओरडून ओरडून बसक्या आवाजावर आली. पापणीच्या आतून पांढरे कण निघाले. आबा मोरीच्या दारात उभे होते. काकू त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या लुगड्याच्या घडीत ठेवला असता तरी चाललं असतं. पोरीच्या खेळण्यात व्हय?" आबांनी मान खाली घातली.

डोळ्यांचा दवाखाना पलीकडं, दौंड तालुक्यात. मी गाडी काढली. पुढं माझ्या शेजारी आबा, मागं संघर्ष, रश्मी आणि मांडीवर यशू. रश्मी बाटलीतलं पाणी डोळ्यात सोडत होती, बाटली संपली की दुसरी उघडत होती. नागरगाव मागं पडलं, भीमेचा पूल ओलांडला. कडब्याच्या ट्रॅक्टरमागं गाडी अडकली तेव्हा संघर्ष एकदम म्हणाला, "धूळ म्हणालात, आबा. वंदना होऊ दे असं मी बोललो, ते तुमच्या शब्दावर बोललो." आबांनी काचेबाहेर तोंड फिरवलं.

रश्मीनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ द्या आता. चारचौघांत उठून सांगितलं त्यांनी. न सांगते तर आपण अजून धूळच समजून बसलो असतो." मग आबांना म्हणाली, "आबा, पाणी प्या तुम्ही." आणि उरलेली बाटली तिनं पुढं केली.

आबांनी बाटली घेतली. प्यायले नाहीत. मला वाटलं, आता रडतील. त्यांचे ओठ हलले, काहीतरी बोलायचं होतं ते गिळलं. मला तेव्हा त्यांची दया आली. सून असावी तर अशी, असंही मनात आलं. सगळं सांगून झालंय, आता उरलाय तो फक्त पोरीचा डोळा, अशा समजुतीत मी गाडी हाकत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. चुना म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बसूही दिलं नाही. सलाइनची बाटली टांगून डोळा धुतला, पापणी उलटून कापसाच्या काडीनं उरलेला चुना काढला, पुन्हा धुतला. किती वेळ झाला विचारलं तेव्हा संघर्षनं सांगितलं, धुवायलाच उशीर झाला. बाईंनी मान डोलावली. "बुबुळाला भाजलंय," त्या म्हणाल्या. "कडेला आहे, मधोमध नाही. डाग राहील. नजर किती राहील ते आज मी सांगू शकत नाही. चुन्याला जेवढा वेळ मिळतो तेवढा तो आत शिरतो. सुरुवातीची मिनिटंच महत्त्वाची असतात."

रश्मीनं यशूचे ओले केस मागं सारले. खुटबावहून तिच्या आईचा फोन सारखा वाजत होता, कधी निघताय विचारायला. तिनं तो उचलला नाही.

औषध घातल्यावर यशू शांत झाली. डोळ्यावर पट्टी बांधताना डॉक्टरीणबाई तिला बोलतं करू लागल्या. नाव काय, शाळेत कधी जाणार, आंबा आवडतो का. पोर उत्तरं देत होती. मग बाई हसून म्हणाल्या, "आणि काय गं, डोळ्यात काय घातलं होतंस?"

एका डोळ्यानं यशूनं खोलीभर पाहिलं. आईवरून, बापावरून, माझ्यावरून नजर पुढं गेली आणि दारातल्या आबांवर थांबली.

"आबा," ती म्हणाली, "आता सांगू का?"

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. आम्हा सगळ्यांना कळलं.

आबा चौकटीला धरून होते. "सांग," ते म्हणाले.

"डब्यातलं लोणी उडालं," यशूनं सांगितलं. "आबा म्हणले, कुणाला सांगायचं नाही. आईला पण नाही. मी नाही सांगितलं." आणि शाबासकीसाठी तिनं आबांकडं दोन्ही हात पसरले.

आबा एक पाऊल पुढं आले. रश्मीनं त्यांच्या आधी पोरीला उचललं आणि खांद्यावर घेतलं, तिचं तोंड भिंतीकडं होईल असं. संघर्ष औषधाची चिठ्ठी घेऊन तिच्यामागून निघाला. दारातून जाताना दोघांनीही आबांना धक्का लागू दिला नाही, एवढं अंग चोरून गेले. यशू विचारत होती, आबा का नाही घेत मला.

मी आणि आबा मागं राहिलो. त्यांचे पाय अजून अनवाणीच होते.

"सतीश," ते म्हणाले, "पाचवं माझं मी मोडलं. ते सांगाया जमलं. चौथं त्या पोरीकडनं मोडून घेतलं. डोळा जळत व्हता तिचा, आन् ती माझा शब्द पाळत व्हती."

मला बोलायला खूप काही होतं. वर्षानुवर्षांचं साचलेलं होतं. पण समोर उभ्या त्या माणसाला आणखी काय बोलणार. मी म्हणालो, "चला आबा, गाडीत सगळे वाट बघत असतील."

"तुम्ही जावा," आबा म्हणाले. "मी एष्टीनं येतो."