सरस वाळेपर्यंत

…तर मास्तर खुर्चीसकट खाली आले, इथवर काल सांगून झालं. पण पुढची गंमत राहिलीच. मास्तर कंबर धरून ओय-ओय करताहेत आणि आपला सुतार त्यांना हात द्यायचा सोडून खुर्चीचा पाय न्याहाळतोय! वर म्हणतो कसा, "सांगितलं होतं ना गुरुजी? सांध्याला सरस लावलाय. तो वाळेपर्यंत हलवायचं नसतं." लाकूड चिकटवण्याच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

त्याला सगळे रंधादादा म्हणत. हे नाव त्याच्या हातांनी कमावलेलं. थंडी पडली की तळव्यांवर खवले धरायचे, बोटांना भेगा पडायच्या. कुणाला टाळी दिली की समोरचा हात झटकत बसायचा. बायको म्हणायची, "फळी तासायला तुम्हाला रंधा हवाय कशाला? नुसता हात फिरवा फळीवरून." यावर तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. सुताराचे हात काय लोण्याचे असतात?

हसू आटलं ते लेक तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली तेव्हा. नातीसाठी त्याने पाळणा केला होता. बोटांना गुळगुळीतपणा कळेना, म्हणून प्रत्येक दांडीवर स्वतःचा गाल घासून पाहिलेला. मोठ्या हौसेने त्याने बाळाला उचललं. आधी बोटांचे खवले लोकरीच्या टोपड्यात अडकले, मग तळवा तिच्या मानेला खरखरला, आणि पोरीने असं काही भोकाड पसरलं की शेजारीण पदर खोचत धावत आली. मानेवर लाल रेघ उठली होती.

लेकीने बाळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं बघा हं तिला."

नुसतं बघा! हे त्याच्या काळजात कुसळासारखं रुतलं. महिनाअखेरीला जावई येऊन दोघींना दूर, आपल्या नोकरीच्या गावी घेऊन जाणार होता. तोवर आजोबा पाळण्याची दोरी ओढत बसणार, एवढंच.

शेवटी बायकोने त्याला डॉक्टरबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि एक मलम दिलं. "ह्यात युरिया आहे."

"पिकाला घालतात तो? म्हणजे आता बोटांना कणसं येणार?"

"जात तीच, पण हा औषधाचा, मापात मिसळलेला. खताची गोणी उघडून हात घालाल तर याद राखा! हा कातडीत पाणी धरून ठेवतो, कडक खवले मऊ करतो. हात धुतलेत की लावायचा."

पुढचं रंधादादाने अर्ध्याच कानाने ऐकलं. लावायचं कसं, हे त्याला कुणी शिकवावं? सगळा जन्म पॉलिश लावण्यातच गेलेला. घरी आला, चुलीपाशी हात शेकून खडखडीत वाळवले, बारीक पॉलिशपेपर घेऊन तळवे घास-घास घासले, फुंकर मारून भुसा उडवला आणि वर मलमाचा सफाईदार हात दिला.

मग, "अगं आई गं!"

अंगणात तो असा नाचला की सरसाचं भांडं लवंडलं. बायको धावत बाहेर आली. "काय हो, आग कुठे लागली?"

"हाताला!"

तिची नजर पॉलिशपेपरवर गेली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हात आहेत का टेबल?"

पुन्हा हात दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरबाईंना तर हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "दादा, घासायचं नाही आणि वाळवायचंही नाही. सोलवटलंय ते बरं होईपर्यंत साधं व्हॅसलीन लावा. मग हे मलम, हात धुऊन, टिपून, कातडी दमट असतानाच."

"ओल्यावर? बाई, ओल्यावर काही धरत नाही."

"लाकडाचं तुम्ही बघा, कातडीचं मी बघते. आणि काम झाल्यावर हात कशाने धुता?"

उत्तर बायकोनेच दिलं, "टर्पेंटाइनने!"

त्या दिवसापासून कातडी कोरडी करणारी ती टर्पेंटाइनची बाटली बायकोच्या कुलपात गेली. दमट हाताला मलम लावताना त्याचा जीव खालीवर व्हायचा. हळूहळू खवले सुटू लागले, भेगा मिटल्या. एका सकाळी फळीवरून बोट फिरवताना तो एकदम थबकला आणि ओरडला, "अगं ऐकलंस का? हा खडबडीतपणा फळीचा आहे, माझा नाही!"

बायको आतूनच म्हणाली, "मग आता रंध्याने काम करा!"

जावई आला तो दिवस उजाडला. गाडी दारात, सामान आत चढलेलं. रंधादादा साबणाने हात धुऊन, पुसून लेकीपुढे उभा राहिला, शाळेत नखं दाखवायला उभं राहतात तसा. लेकीने त्याचा तळवा उचलला आणि, बापाचीच लेक ती, त्यावर आपला गाल घासून पाहिला. मग बाळ त्याच्या हातांत ठेवलं.

पोरीने टकामका पाहिलं. एका हाताने आजोबांचा अंगठा धरला, जांभई दिली आणि गाढ झोपली. रंधादादा पाळण्याच्या खांबासारखा ताठ, श्वासही जपून घेतोय.

बाहेर हॉर्न वाजला. परत वाजला. जावई दारातून डोकावला. लेक म्हणाली, "बाबा, द्या ना आता तिला, उशीर होतोय."

रंधादादा जागचा हलला नाही. कुजबुजत म्हणाला, "आत्ता कुठे सांधा जुळलाय. सरस वाळेपर्यंत हलवायचं नसतं."