हाताचा आधार न घेता

जळगावात गौतमचंदांची डाळीची पेढी होती, आणि पेढीवर बसल्या बसल्या माणसं तुच्छ लेखणं हा त्यांचा जोडधंदा होता. पोती उचलणारे हमाल त्यांच्या लेखी नुसते खांदे होते. सकाळी मैदानावर धावणारे रिकामटेकडे, आणि जैन स्थानकात प्रवचनाला गुडघ्यांच्या नावाखाली खुर्ची मागणारे म्हातारे तर नाटकीच. स्वतः गौतमचंदांनी उभ्या जन्मात जड असं काही उचललं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता.

मग शुगरने त्यांच्या किडन्या पोखरल्या. डायलिसिसची वेळ आली नव्हती, पण डॉक्टरांनी मीठ, पाणी, जेवण सगळ्याला वेसण घातली. घरच्यांनी आपल्या मनाने आणखी एक पथ्य जोडलं, आरामाचं. गौतमचंदांनी तेवढं एकच पथ्य आनंदाने पाळलं. काही वर्षांत मांड्या अशा वाळल्या, की पायजमा काठीवर अडकवल्यासारखा दिसू लागला.

"स्नायू झिजताहेत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी संघमित्राकडे पाठवलं. ती असोद्याची, फिजिओथेरपिस्ट, वयाने गौतमचंदांच्या सुनेहून लहान. सून चेलना सोबत होतीच.

"काका, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठा बघू."

"उठाबशा शाळेत शिक्षा म्हणून काढायला लावतात. मी काय गुन्हा केलाय?"

"जमतंय का, तेवढंच बघायचंय."

जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. गौतमचंद खुर्चीला नावं ठेवून निघाले. रिक्षात चेलनाला म्हणाले, "रबराचे पट्टे ओढून म्हणे किडनी सुधारणार. पोरखेळ नुसता."

"किडनीचं ती बोललीच नाही, पप्पा. पायांत ताकद येईल म्हणाली."

गौतमचंदांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

पर्युषणात एके सकाळी प्रवचन संपलं आणि सगळे वंदनेला उठले. गौतमचंद सतरंजीवरच राहिले. हात टेकून पाहिले, कुशीवर वळून पाहिलं; पाय दुसऱ्याचेच असावेत तसे पडून होते. तेवढ्यात लीलाधर आला. बाजारातला सगळ्यात आळशी दलाल म्हणून ज्याला ते वर्षानुवर्षं हसत आले, तोच. त्याने एका काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूने आणखी कुणीतरी, आणि दोघांनी पोतं उचलावं तसं त्यांना उचललं.

"आता घरीच बसत जा, गौतमभाऊ," लीलाधर हळव्या आवाजात म्हणाला. "आपलं वय झालं."

ते 'आपलं' गौतमचंदांना फार झोंबलं. लीलाधरने त्यांना स्वतःच्या रांगेत बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच संघमित्रासमोर जाऊन बसले. माफी वगैरे मागितली नाही. "काय करायचं ते सांग. भाषण नको."

तिने भाषण केलं नाही. उंच गादी घातलेल्या खुर्चीवरून उठायला लावलं, आणि जमेल तशी गादी कमी करत नेली. पायाला पट्टा बांधून ओढायला लावला, घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधली. "श्वास रोखू नका. दम लागला की थांबा," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगे. एकदा तिची पाठ वळल्यावर गौतमचंदांनी दुप्पट जड डंबेल उचललं. तिने ते हातातून काढून घेतलं.

"बीपी चढवून घ्यायचंय का? हे पायांसाठी करताय, की कुणाच्या रागाने?"

"रागाने," गौतमचंद म्हणाले.

"चालेल. पण हलकंच उचला."

उन्हाळा आला. रिपोर्टमधले किडनीचे आकडे होते तिथेच राहिले. पण जिना चढताना कठडा धरावा लागेना, आणि स्थानकात गुडघ्यावर एक हात ठेवून ते सतरंजीवरून आपले आपण उठले. लीलाधर आता खुर्चीत बसत होता. "चमत्कारच झाला म्हणायचा," तो म्हणाला.

"चमत्कार नाही, व्यायाम. तुला जमायचा नाही."

तुच्छता काही कमी झाली नव्हती. आता ती बसणाऱ्यांच्या वाट्याला येत होती.

त्याच तोऱ्यात ते घरी आले, स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या वाटणीचं मोजकं पाणी स्वतः ओतून प्याले. बायको जतनबाई मेथी निवडत होत्या.

"बघितलंस? कुणाला हाक मारावी लागली नाही."

जतनबाईंनी मान वर केली नाही. "पाय धड होते तेव्हाही मारतच होतात."

गौतमचंद पेला हातात घेऊन उभे राहिले.

"विसळून ठेवा तो," त्या म्हणाल्या.

त्यांनी पेला विसळला. नीट विसळता आला नाही. ते बाहेर गेल्यावर जतनबाईंनी तो पुन्हा धुतला.