रविवारचं डोकं

ओतिलिया मावशींचं डोकं धरलं की अख्खं हाचाल गाव म्हणायचं, "सोंदा सुटणार!" डोंगरावरून येणारा तो कोरडा, तापलेला वारा सुटायचा असला की मावशींचं अर्धं कपाळ ठणकायचं, ओकाऱ्या व्हायच्या. मग बटाट्याच्या चकत्या कानशिलांना बांधून त्या अंधाऱ्या खोलीत पडून राहायच्या.

पण अलीकडे वाऱ्याची झुळूकही नसलेल्या रविवारी, ऐन प्रार्थनेत, तसंच दुखू लागलं. चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये गात होत्या. आता गाणं सोडावं लागणार, हे सांगताना दवाखान्यातल्या नेलिदा नर्ससमोर त्यांना रडू आलं.

"रविवारी सकाळी काय खाता, मावशी?"

"खाते कसली! अकराला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, तर पोट रिकामंच हवं. माटेच्या पानांचा चहासुद्धा नाही."

"आणि इतर दिवशी?"

"उठल्यापासून किटली रिकामी होईपर्यंत पिते की!"

"मग बरोबर आहे. रोजचा चहा टाळायचा, वर उपाशी उभं राहून गायचं. डोकं गप्प बसेल होय? प्रसादाच्या तासभर आधी खाणं थांबवलं तरी चालतं आता. पाद्रींना विचारा."

"अगं पोरी, आईने असंच शिकवलं होतं."

"आईचं डोकं दुखत नसेल!"

पाद्रींनीही तेच सांगितलं. पुढच्या रविवारी मावशींनी नेहमीच्या वेळी पाव खाल्ला, चहा प्यायला आणि त्या शेवटच्या गाण्यापर्यंत गात उभ्या राहिल्या.

सोंदा त्यांना अजूनही आडवं करतो. पण रविवारी आभार मानताना त्या देवाच्याही आधी नेलिदाचं नाव घेतात. देव रागावत नसावा, असं त्यांना वाटतं.