चाचींचा चौक आणि दौंडचा पेंटर

एका चित्रासाठी शिरूर गाठायचं, असं कितीतरी दिवस मनात होतं. मैत्रिणीच्या आईकडे, हसीनाचाचींकडे, एक जुनं तैलचित्र आहे. त्यांचे सासरे रेल्वेत होते. विलायतेला परतणाऱ्या साहेबाने त्यांना ते दिलं. कुणा गोऱ्या चित्रकाराने रंगवलेला, पूर्वेकडच्या कुठल्याशा शहरातला भर दुपारचा चौक. रविवारी पुण्याहून गाडी काढली. वाघोलीचा ट्रॅफिक टाळायचा तर उजाडताच निघा.

पोचले, तर भिंत रिकामी.

"दौंडला पेंटरकडं दिलंय," चाची चहा गाळत म्हणाल्या. "एवढा मोठा चौक, आन् एक बी बाई न्हाई. म्हटलं, एक काढून घ्यावी."

चहा तसाच टाकून चाचींना गाडीत बसवलं. न्हावरे, चौफुला, पाटस, मग दौंड. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांमागे धीर धरावा लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. चौफुल्याला वडापाव गरम मिळतो. चाचींनी दोन खाल्ले, मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही.

पेंटरच्या दुकानात नंबरप्लेटी वाळत होत्या. चित्र कोपऱ्यात, कागदात गुंडाळलेलं, दिलं होतं तसंच.

"लगीनसराई हाय, चाची," तो ओशाळला. "बोर्डातनं सवडच न्हाई झाली. उद्या घेतो."

"उद्या नको, दादा," म्हणत मी ते उचललंच. इतकं हायसं वाटलं की हसू आलं.

बाहेर उजेडात कागद सोडला. भिंतींवरचं ऊन पिकल्या पपईच्या रंगाचं, सावल्या निळसर. कलिंगडांचा ढीग, पेंगणारे उंट आणि पुरुष, सगळे नुसते बसलेले. पूर्वेकडे कुणी काम करतं, हे त्या गोऱ्या चित्रकाराला दिसलंच नसावं. ऊन मात्र त्याने खरंच बघितलं होतं. माझी नजर हलेना.

"आन् ही कलिंगडं तोडली कुणी?" चाचींनी विचारलं.

त्यांचं काही चुकत नव्हतं.

"बाई हवीच, चाची. पण चित्राला ब्रश नका लावू."

त्यांनी पदर सारखा केला. मग चित्राला खेटून उभ्या राहिल्या. "मग काढ फोटो. चौक समदा आला पायजे."

चित्र शिरूरला भिंतीवर परत लागलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तो फोटो मोठा करून मी पुण्याच्या घरी लावलाय. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "या बाई कोण?" चौकाचं नंतर.